मान डोलावण्यापूर्वी

रुग्णालयातून घरी सोडण्याची वेळ गडबडीची असते. बिल भागवायचं, औषधं आणायची, गाडी आली का पाहायचं, आणि त्यातच परिचारिका सांगत असते: ही गोळी जेवणाआधी, ही झोपताना, ही आठवडाभरच, आणि धाप लागली तर लगेच या. खाटेवरचा माणूस 'हो, हो' म्हणत राहतो. त्याला घरी जायचं असतं. शिवाय जे कळलं नाही ते पुन्हा विचारायचा त्याला संकोच वाटतो, कारण सांगणारीही उभ्या उभ्या सांगत असते आणि पलीकडच्या खाटेवरून तिला हाक आलेली असते.

अमेरिकेतल्या बॉस्टन मेडिकल सेंटर या रुग्णालयात नेमक्या याच वेळेसाठी एक आभासी परिचारिका घडवली गेली. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले टिमथी बिकमोर आणि रुग्णालयातले डॉ. ब्रायन जॅक यांच्या गटांचं हे काम. त्यावरचा त्यांचा एक महत्त्वाचा निबंध 2009 साली प्रसिद्ध झाला. चाकांच्या स्टँडवर बसवलेला टचस्क्रीन रुग्णाच्या खाटेशी आणला जाई आणि पडद्यावर लुईस किंवा एलिझाबेथ नावाची परिचारिका बोलू लागे. रुग्णाच्या हातात त्याच्या नावाची छापील पुस्तिका असे; तीच पुस्तिका पडद्यावर तिच्याही हातात असे. ती एकेक पान उलटे, बोटानं ओळ दाखवी, मधूनमधून एखादा प्रश्न विचारून समजलं का ते पाही आणि जे समजलेलं नसे त्याची नोंद खऱ्या परिचारिकेसाठी ठेवी. तिचा आवाज संगणकानं तयार केलेला होता, चेहरा आजच्या मानानं अगदी साधा. रुग्ण तिच्याशी तोंडानं बोलतही नसत. पडद्यावरच्या वाक्यांपैकी आपलं वाक्य बोटानं निवडत. तरीही ही माहिती डॉक्टर किंवा परिचारिकेपेक्षा तिच्याकडून घेणं आवडेल, असं म्हणणारे रुग्ण अधिक निघाले. तिच्याकडे वेळ होता. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तरी तिच्या कपाळावर आठी येत नव्हती.

तिचं रूप नव्हे, तिचा स्वभाव माणसांना भावला. हा स्वभाव कुणी कागदावर विशेषणं लिहून ठरवलेला नव्हता. खऱ्या परिचारिका ही माहिती समजावून सांगताना कशा बोलतात, कुठे थांबतात, कागदाकडे कधी बघतात आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे कधी, हे आधी पाहिलं गेलं. सावकाशपणा, पुन्हा सांगण्याची तयारी, पानावर टेकलेलं बोट या गोष्टी त्या कामातून आल्या. ज्या माणसाला वाचण्याची अडचण आहे आणि ती अडचण सांगायची लाज वाटते, त्याच्यासमोर कसं बसावं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे लुईस.

आभासी मानवाचा स्वभाव आणि देहबोली कशी निवडावी, हा या पुस्तकाचा विषय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. निवड चेहऱ्यापासून सुरू करू नये, कामापासून करावी. आणि पडद्यावरचा देह जेवढं कबूल करतो तेवढं त्याच्यामागच्या यंत्रणेला पाळता आलं पाहिजे. यातलं दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मान डोलावली की बोलणारा समजतो, याला कळलं. नजर आपल्यावर स्थिरावली की समजतो, याचं लक्ष आहे. किंचित पुढे झुकलेलं शरीर पाहून त्याला वाटतं, याला आपली काळजी आहे. पडद्यावरच्या आकृतीला या तिन्ही गोष्टी शिकवणं आता अवघड राहिलेलं नाही. मागच्या यंत्रणेला खरोखर ऐकू आलं का, अर्थ लागला का, उद्या यातलं काही तिच्या लक्षात राहणार आहे का, हे न पाहताच त्या शिकवल्या जातात. आजारी, एकट्या किंवा गोंधळलेल्या माणसापुढे असा देह उभा करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे पुस्तक त्या अस्वस्थतेतून लिहिलं आहे.

देह आणि बुद्धी यांची फारकत झाली की काय होतं, याचं ठळक उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस 97'मध्ये कोट्यवधी लोकांनी पाहिलं. टपोऱ्या डोळ्यांची ती कागदाला लावायची क्लिप, क्लिपी, पत्राचा मायना टाइप करताच हजर होई आणि मदत करू का विचारी. तिच्या डोळ्यांत आणि भुवयांमध्ये लक्ष ओसंडत होतं. मात्र हा माणूस रोज पत्रं लिहितो आणि त्यानं कितीदा तरी नको म्हटलं आहे, याची तिला खबर नसे. 2001च्या आवृत्तीत ती आपणहून येईनाशी झाली आणि 2007च्या आवृत्तीतून गेलीच. चित्र चांगलं नव्हतं म्हणून ती गेली, असं मला वाटत नाही. इतक्या उत्सुकतेनं बघणाऱ्याला काहीच आठवत नाही, ही गोष्ट माणसाला टोचते. तेच एखाद्या साध्या बटणाकडून घडलं असतं तर कुणी मनाला लावून घेतलं नसतं.

माणूस यंत्राचं असं मनाला का लावून घेतो, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांनी पुष्कळ काम केलं. त्यांचं 'द मीडिया इक्वेशन' हे पुस्तक 1996 सालचं. ज्या संगणकावर काम केलं त्यानंच 'मी कसा होतो' विचारलं तर लोक अधिक सौम्य उत्तर देतात, दुसऱ्या संगणकावर तोच प्रश्न आला तर अधिक स्पष्ट बोलतात. जणू तोंडावर वाईट कसं म्हणायचं! हे करणाऱ्यांना आपण असं काही केलं हे पटतही नाही.

याच परंपरेतला कॅथरिन इस्बिस्टर आणि नास यांचा 2000 सालचा प्रयोग या पुस्तकाच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे. त्यांनी पडद्यावर एक पात्र ठेवलं. काहींना ते बहिर्मुख दिसे: हात अंगापासून दूर, ऐसपैस पवित्रा. काहींना अंतर्मुख: हातपाय आवरलेले. बोलणंही तसंच दोन प्रकारचं, ठाम किंवा बिचकत. मग या जोड्या अदलून-बदलून पाहिल्या. बोलणं आणि पवित्रा एकाच स्वभावाचे असलेलं पात्र लोकांना अधिक आवडलं. दुसरा निष्कर्ष अनेकांच्या अपेक्षेबाहेरचा होता: लोकांचा कल आपल्यासारख्या पात्राकडे नव्हता, आपल्याहून वेगळ्या, आपल्याला पूरक अशा पात्राकडे होता. 'तुमच्यासारखाच तुमचा सहायक' अशी भलामण जिथे तिथे ऐकू येते, तेव्हा हा प्रयोग आठवावा. बोलक्या माणसाला ऐकणारं कुणी हवं असतं.

आज स्वभाव ठरवण्याची रूढ पद्धत म्हणजे मानसशास्त्रातल्या पाच गुणांच्या पट्ट्या पुढेमागे सरकवणं: बहिर्मुखता एवढी, सौजन्य तेवढं. सुरुवातीच्या चर्चेला त्या बऱ्या. पण समोरचा माणूस मध्येच रडू लागला, किंवा त्यानं मुद्दाम अपशब्द वापरले, किंवा चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला, तर हे पात्र काय करील, हे त्या पट्ट्या सांगत नाहीत. स्वभाव अशाच प्रसंगी दिसतो. म्हणून या पुस्तकात प्रत्येक पात्राची ओळख गुणांच्या यादीनं करून दिलेली नाही. दहा-बारा कठीण प्रसंग घेऊन ते तिथे कसं वागेल हे लिहिलं आहे.

आता देहबोलीकडे येतो. दोन माणसं बोलत असताना नजरेचा एक व्यवहार चाललेला असतो. ॲडम केंडन यांनी 1967 साली तो बारकाईनं मांडला. लांब बोलायला सुरुवात करताना बोलणारा बहुधा नजर बाजूला नेतो आणि बोलणं संपत आलं की पुन्हा ऐकणाऱ्याकडे पाहतो. आता तुमची पाळी, असं ते पाहणं असतं. ऐकणारा मात्र बराच वेळ बोलणाऱ्याकडे पाहत असतो. पडद्यावरचं पात्र सतत टक लावून पाहत राहिलं की आपल्याला अवघडल्यासारखं होतं ते यामुळे. ते कधी पाळी देतच नाही, आणि कधी घेतही नाही.

याहून अवघड प्रश्न वेळेचा आहे. जगातल्या अगदी भिन्न अशा 10 भाषांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांत सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपासचं अंतर सापडलं. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आभासी सहायकाला एवढी घाई झेपत नाही. आवाज ऐकायचा, त्याचे शब्द करायचे, अर्थ लावायचा, उत्तर जुळवायचं, पुन्हा आवाज तयार करायचा. या सगळ्यात सेकंद-दोन सेकंद सहज जातात. त्या रिकाम्या जागेत देहानं काय करावं? पुतळ्यासारखं थिजून बसलं तर माणसाला वाटतं, बंद पडलं. मान डोलावली तर ते खोटं, कारण अजून काही कळलेलंच नाही. नजर थोडी खाली किंवा बाजूला न्यावी, किंचित श्वास घ्यावा, भुवया जराशा जवळ आणाव्यात, हे मला योग्य वाटतं. त्या क्षणी यंत्रणा खरोखरच उत्तर शोधत असते. तेव्हा विचारात पडल्यासारखं दिसण्यात लबाडी नाही.

मान डोलावण्याचे अर्थही दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक म्हणजे हुंकार: ऐकतोय, बोला पुढे. दुसरा होकार: कळलं, मान्य आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉनथन ग्रॅच यांच्या गटानं असं एक पात्र तयार केलं होतं, ज्याला शब्दांचा अर्थ कळत नसे. बोलणाऱ्याच्या आवाजातले चढउतार आणि डोक्याची हालचाल टिपून ते योग्य जागी मान हलवी. तेवढ्यानंही बोलणाऱ्यांना जवळीक वाटे, मात्र मान बोलण्याशी जुळून हलायला हवी. माझ्या मते हुंकारापुरतं हे चालेल, कारण आवाज पोहोचतो आहे एवढंच तो सांगतो आणि ते खरं असतं. होकाराची मोठी, सावकाश, खाली जाऊन थांबणारी मान मात्र अर्थ लागल्याशिवाय हलू नये. बनवणाऱ्यांनी या दोन हालचालींना यंत्रणेतल्या दोन वेगळ्या खुणांशी बांधावं, अशी आग्रहाची सूचना तिसऱ्या प्रकरणात केली आहे. आज पुष्कळ ठिकाणी एकच मान दोन्हींसाठी वापरली जाते.

याच विद्यापीठात पुढे एली ही आभासी मुलाखतकार आली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पैशातून हा प्रकल्प उभा राहिला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांमधला मानसिक ताण ओळखायला मदत व्हावी हा हेतू. एली खुर्चीत बसून मुलाखत घेते, उपचार करत नाही. तिची घडण कशी झाली ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. आधी माणसांनी माणसांच्या मुलाखती घेतल्या. मग पडद्यावर एली आली, पण तिला पलीकडच्या खोलीतून दोन माणसं चालवत होती: एक तिचं बोलणं सांभाळी, दुसरा तिचे हावभाव. एकाला दोन्ही नीट जमणं कठीण, एवढं ऐकतानाच्या देहाचं काम मोठं आहे. या टप्प्यावर कोणते प्रश्न आणि कोणते हावभाव खरोखर लागतात ते कळलं, आणि त्यानंतरच यंत्रणा स्वयंचलित झाली.

तिच्यावरचा 2014 सालचा गेल लुकास आणि सहकाऱ्यांचा प्रयोग माझ्या म्हणण्याला बळ देतो. काहींना सांगितलं, एली हा संगणकाचा कार्यक्रम आहे. काहींना सांगितलं, मागे माणूस बसून तिला चालवतो आहे. संगणक समजणाऱ्यांना मनातलं सांगताना कमी भीती वाटली आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख अधिक मोकळेपणानं उमटलं. यंत्र असणं लपवलं तरच माणूस जवळ येईल, असं समजणाऱ्यांनी यावर थांबून विचार करावा. एलीच्या देहानं बोलणं सोपं केलं, आणि ती माणूस नाही या जाणिवेनं ते सुरक्षित केलं. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

एली समोरच्याची देहबोली वाचतेही: नजर किती वेळ खाली आहे, हसू किती क्षीण आहे, हातांची चुळबुळ किती. अमेरिकी मुलाखतींमध्ये या खुणांचा ताणाशी संबंध आढळला. तीच यंत्रणा उचलून महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात ठेवली तर? डॉक्टरांसमोर किंवा वडीलधाऱ्यांसमोर खाली पाहून बोलणारी बाई आपल्याकडे मर्यादा पाळत असते. डावीउजवीकडे हलकेच झुलणारी मान कधी 'हो' असते, कधी 'बरं, बघू'. आपल्याकडचा ऐकणारा गप्प बसत नाही, 'हं', 'बरं', 'मग?' असं म्हणत राहतो. फोनवर ते थांबलं की बोलणारा लगेच 'हॅलो, हॅलो' करतो. इथल्या माणसांच्या बोलण्याची चित्रणं, अर्थात त्यांच्या संमतीनं, जमवून त्यावर काम केल्याशिवाय मराठी आभासी मानवाला हुंकारही नीट देता येणार नाही.

दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीवर मे 2024मध्ये क्रिश आणि भूमी हे दोन आभासी निवेदक आले. 50 भाषांमध्ये बोलण्याची त्यांची क्षमता सांगितली गेली. ते बातमी देतात. ऐकणं त्यांच्या वाट्याला आलेलं नाही, म्हणून देहबोलीचे निम्मे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. शेतकऱ्यानं उलट प्रश्न विचारला की सगळं बदलतं. पंचविशीतली दिसणारी आकृती सत्तरीच्या माणसाला 'तुम्ही' म्हणेल, यात वाद नाही. पण ती त्यांना 'आजोबा' म्हणू शकते का? मला वाटतं, आदरार्थी बोलणं पहिल्या वाक्यापासून असावं, नातं मात्र समोरच्यानं दिल्याशिवाय घेऊ नये. गावातली आशा स्वयंसेविका घराघरांत 'ताई' झाली ती उन्हातान्हात दारापर्यंत चालत गेली म्हणून.

हावभावांची बारीक नोंद आपल्याला नवी नाही. नाट्यशास्त्रात डोक्याच्या 13 हालचाली, 36 दृष्टी आणि भुवयांचे 7 प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. ही वर्गवारी आजच्या संगणकीय हावभाव-कोशांशी ताडून पाहण्यासारखी आहे, आणि सहाव्या प्रकरणात ते केलंही आहे. पण त्याच ग्रंथातला एक भेद मला त्याहून उपयोगी वाटतो. अवयवांनी होणारा आंगिक अभिनय वेगळा आणि अश्रू, रोमांच, कंप, स्वर फुटणं असा सात्त्विक अभिनय वेगळा. दुसऱ्यासाठी मन तिथे गुंतलेलं लागतं. आभासी मानवाकडे आंगिक सारं असू शकतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आणू नये, त्याचा आवाज गहिवरू नये, हा नियम मी यावरून घेतला. रुग्णानं वाईट बातमी सांगितली तर त्यानं हात स्थिर ठेवावेत, बोलणं संथ करावं, थांबावं. एवढं त्याच्या हातात आहे आणि ते पुरेसं आहे.

हाच नियम पात्राच्या कल्पित पूर्वायुष्याला लावावा का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. बिकमोर यांच्याच एका प्रयोगात व्यायाम सुचवणारं पात्र रोज छोटी गोष्ट सांगे: काहींना स्वतःची म्हणून, काहींना दुसऱ्या कुणाची म्हणून. स्वतःची म्हणून सांगितली तेव्हा लोक अधिक रमले, आणि फसवल्याची तक्रारही त्यांनी अधिक केली नाही. प्रयोगाचा मला आदर आहे. तरी ज्याला आई नाही त्यानं आईच्या आठवणी सांगू नयेत असंच मी म्हणेन. ज्यानं तक्रार केली नाही त्याचं नुकसान झालं नाही, असं धरून चालता येत नाही.

स्त्रीरूपाबद्दल थोडक्यात. आवाजी सहायक सर्रास स्त्रीच्या आवाजात, आणि अपमान केला तरी गोडच बोलणारे, यावर युनेस्कोनं 2019च्या अहवालात कठोर टीका केली. देह आला की हा प्रश्न वाढतो, कारण आता तिला कपडे घालायचे असतात, उभं करायचं असतं, हसवायचं असतं. अपशब्द ऐकल्यावर तिचं हसू गेलंच पाहिजे. चेहरा किती खरा असावा, याची चर्चा मासाहिरो मोरी यांच्या 1970 सालच्या लेखापासून चालू आहे. जवळजवळ माणसासारखं दिसणारं, त्यातही हलणारं, अधिक भयावह वाटतं हे त्यांचं निरीक्षण आता सर्वांना ठाऊक आहे. मी त्यात भर घालत नाही. साधा चेहरा आणि चोख वेळ, असं असेल तर खूप काही निभावतं, हे लुईसनं दाखवलं आहे.

हे पुस्तक संगणकवाल्यांसाठी आहे तितकंच परिचारिका, समुपदेशक, शिक्षक, बँकेच्या काउंटरवर बसणारे आणि रंगभूमीवर काम करणारे यांच्यासाठी आहे. पात्राचा स्वभाव ठरवायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. शेवटच्या प्रकरणात एलीच्या दुसऱ्या टप्प्यासारखी एक चाचणी दिली आहे. दोन खोल्या, एक कॅमेरा, एक पडदा. एक नट हावभाव सांभाळतो, त्या कामाचा जाणता माणूस बोलणं सांभाळतो, आणि पलीकडे खराखुरा गरजवंत बसतो. मागे माणसं आहेत हे त्याला नंतर सांगायचं आणि त्याची परवानगी असेल तरच चित्रण ठेवायचं. संवाद झाल्यावर त्याला तीन प्रश्न विचारायचे: याला काय कळलं असं तुम्हाला वाटलं? कधी वाटलं? आणि आता ते उद्या काय करील असं तुम्हाला वाटतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यंत्रणेला झेपणारं नसेल, तर त्या अपेक्षेला कारण झालेली हालचाल शोधून काढून टाकायची आणि पुन्हा नव्या माणसासमोर बसायचं. चेहरा रेखाटायला घ्यायचा तो यानंतर.